इनोव्हा २.५ डिझेल: क्रँकची डँपर पुली घरी बदलता येईल का?

कारेलीबागकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची इनोव्हा, २.५ डिझेल, पाच गिअरची. बाबांनी घेतली होती, आता मी चालवतो. किलोमीटर दोन लाखांच्या पुढे गेलेत. इंजिन अजून ठणठणीत आहे, बडोद्याहून सांगलीला दिवाळीत जाऊन येते तेव्हा वाटेत एक थेंब तेल मागत नाही.

त्रास असा आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की पुढून चीं-चीं आवाज येतो, मिनिटभराने बसतो, आणि एसी लावला की पुन्हा सुरू. बेल्ट नवा घातला, थोडे दिवस गप्प राहिली, मग तेच. आता त्या नव्या बेल्टचीही एक कड झिजून दोरे बाहेर आले आहेत. काल संध्याकाळी बॉनेट उघडून टॉर्च मारून पाहिलं तर खालची क्रँक पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या (क्रँकच्या) टोकाची पुली, फिरताना स्पष्ट डुलते आहे. बाकीच्या पुल्या सरळ फिरतात.

एका वर्कशॉपमध्ये दाखवली. ते म्हणाले, डँपर पुली (हीच क्रँक पुली, मधला हब आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असलेली) गेली, आणि ती काढायची म्हणजे टायमिंग बेल्टही खोलावा लागेल, तर तो सगळा सेटच बदलून टाका. आकडा ऐकून घरी आलो. टायमिंग बेल्ट गेल्याच वर्षी बदललाय.

अजून एक, ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा गाडी बंपरपर्यंत पाण्यात उभी होती. सुरू न करता टो करून नेली, सगळी तेलं बदलली. त्या पाण्यामुळे पुली गेली असेल का?

माझ्याकडे सॉकेट सेट आहे, जॅक स्टँड आहेत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सिमेंटची सपाट जागा आहे. ब्रेक पॅड, ग्लो प्लग, अल्टरनेटर ही कामं मी स्वतः केलेली आहेत. नवरात्राच्या आत गाडी उभी करायची आहे. मुख्य शंका एकच: तो मधला बोल्ट सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून धरायचं कशाने?

जुनाफिटर

कारेलीबागकर, तुम्ही बघितलंत ते बरोबर बघितलंत. पण नवी पुली आणण्याआधी खात्री करा, फुकटात होते. इंजिन बंद असताना पुलीच्या तोंडावर पांढऱ्या रंगाने एक सरळ रेघ मारा: मधल्या हबवरून, रबरावरून, बाहेरच्या कड्यापर्यंत एकाच ओळीत. रंग वाळू द्या. गाडी दोन दिवस नेहमीसारखी चालवा आणि मग बघा. हबवरची रेघ आणि कड्यावरची रेघ एकमेकींपासून सरकली असेल तर रबर सुटलंय, वाद संपला. आवाजाचंही त्यातच कळतं. कडं हबवर घसरतं, बेल्टला ओढ नीट मिळत नाही, एसीचा भार आला की चीं-चीं वाढते. डुलणारं कडं बेल्टला रोज एका बाजूला ढकलतं, म्हणून कड झिजते. अशा गाडीत कितीही बेल्ट घातले तरी तेच होणार.

पुराचं विचारलंत. नुसत्या पाण्याने हे रबर मरत नाही. ते मरतं उष्णतेने आणि तेलाने. बारा-तेरा वर्षं आपल्याकडचे उन्हाळे खाल्लेलं रबर कडक होऊन तडकतं, आणि त्यात पुलीच्या मागचं ऑइल सील (इंजिनातलं तेल अडवणारी कडी) पाझरत असेल तर फुगून मऊ पडतं. पुराने दुसरं काम केलेलं असू शकतं: पुलीच्या खाचांमध्ये गंज धरला असेल तर ती कानस नवा बेल्ट खात राहते. पुली हातात आल्यावर दोन्ही गोष्टी बघा.

आता टायमिंग बेल्ट. या इंजिनात क्रँकपासून डिझेलच्या पंपापर्यंत गिअर आहेत, आणि टायमिंग बेल्ट वरच्या बाजूला, पंपाच्या पुलीपासून कॅमशाफ्टपर्यंत वेगळ्या कव्हरखाली बसतो. क्रँक पुली काढायला त्याला हात लावावा लागत नाही. गेल्या वर्षी बदललेला असेल तर तसाच राहू द्या. मात्र पुली निघाल्यावर वर म्हटलेलं तेच ऑइल सील समोर उघडं पडतं, ते बदला. सील स्वस्त, तिथपर्यंत पोचण्याची मेहनत महाग.

तुमची मुख्य शंका. या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये त्या बोल्टचा टॉर्क (आवळायचा पीळ) ३६५ न्यूटन-मीटर दिलाय. तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलशी ताडून घ्या. ३६५ म्हणजे एक मीटर लांबीच्या पाइपच्या टोकाला ३७ किलोचा जोर, आणि तो कसताना. इतकी वर्षं बसलेला बोल्ट सुटताना याहून जास्त मागतो.

लोक सांगतात, टॉप गिअर टाका, कोणाला तरी ब्रेकवर उभं करा. छोट्या पेट्रोल गाडीत ते चालून जातं. टॉप गिअर का, तर त्यात क्रँकवरचा जोर चाकांपर्यंत सर्वांत कमी पोचतो आणि ब्रेक धरू शकतात. पण मध्ये क्लच आहे. तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्क २०० न्यूटन-मीटर. क्लच त्याच्यापेक्षा थोडं जास्त धरेल असा बनवतात, दुपटीने नाही. तुम्ही ४०० चा जोर लावलात की बोल्टआधी क्लच सरकेल. म्हणून या गाडीला पुलीच धरायची. पुलीच्या तोंडावर आटे पाडलेली भोकं आहेत, त्यात बोल्ट लावून धरायचा लांब दांडा मिळतो. तो दांडा चेसिसच्या भक्कम भागाला टेकवा आणि मग सॉकेटला लांब पाइप लावा. असा दांडा फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पट्टीचा बनवून घेता येतो. पट्टी किमान १० मिलीमीटर जाड घ्या, बोल्ट चांगल्या ग्रेडचे घ्या आणि त्यांचे आटे भोकात पूर्ण बसू द्या.

स्टार्टरचा चटका मारून बोल्ट सोडवायचा तो उद्योग करू नका. पाना चेसिसला टेकवून स्टार्टर मारतात, बोल्ट सुटतोही. पण पाना निसटला तर रेडिएटरमध्ये घुसतो नाहीतर समोर उभ्या माणसात. मी रिफायनरीत पंप आणि टर्बाइनच्या कामावर आयुष्य घालवलं. साठवलेला जोर कुठे सुटेल हे आधी ठरवल्याशिवाय पाना लावायचा नाही, हा तिथला पहिला धडा.

इम्पॅक्ट गन असेल तर सोडवायला वापरा. कसायला नाही.

लेथवाला मकरपुरा

एवढं कशाला करता. मकरपुरा जीआयडीसीत या, जुनी पुली घेऊन. तिच्या मापाची अखंड लोखंडाची पुली टर्न करून देतो, रबरच नाही तर फाटणार काय? टेंपोवाल्यांना दिल्या आहेत, कोणी परत आलेलं नाही. आयुष्यभर बघायला नको.

जुनाफिटर

मकरपुरावाले, तुमचं टर्निंग उत्तम असेल यात मला शंका नाही. पण ही पुली इनोव्हात घालू नका, आणि मी हे मनापासून सांगतोय.

ते रबर बेल्ट फिरवायला नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. ७५० च्या आयडलवर सेकंदाला २५ धक्के. प्रत्येक धक्क्याला क्रँक ओला कपडा पिळावा तसा किंचित पिळतो आणि उलटा सुटतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकाच, अंशाच्या लहानशा भागाइतका. पण क्रँकची स्वतःची एक कंपनसंख्या असते, आणि इंजिनाचा वेग तिच्याशी जुळला की तो पीळ वाढत जातो. बाहेरचं जड कडं जडत्वामुळे एकसारख्या वेगाने फिरू बघतं, हब पुढेमागे होतो, आणि दोघांच्या मधलं रबर ती हालचाल शोषून तिची उष्णता करतं. कड्याचं वजन आणि रबराचा कडकपणा त्या क्रँकसाठी मोजून ठरवलेला असतो.

कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आम्हाला मशीन डिझाइन शिकवताना सरांनी याचा इतिहास सांगितला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लांब क्रँकची सहा सिलिंडरची इंजिनं आली आणि क्रँक तुटू लागले. धातू चांगला, माप बरोबर, तरी तुटायचे. त्यावर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारास डँपरचं पेटंट घेतलं. म्हणजे हा भाग क्रँक वाचवायला जन्मला, बेल्टची खाच त्याच्या कडेवर नंतरची सोय.

तुमचे टेंपोवाले परत आले नसतील, कारण थकवा हळू जमतो. क्रँक पन्नास हजार किलोमीटरनंतर तुटला तर पुलीला कोणी जबाबदार धरत नाही. शिवाय काही जुन्या इंजिनांत मुळातच साधी पुली असते, तिथे तुमची चालेल. जिथे कंपनीने रबर दिलंय तिथे रबरच हवं.

लेथवाला मकरपुरा

पटलं. टेंपोत जुनी साधीच पुली होती, ती झिजलेली म्हणून केली होती. रबरवाल्या पुलीला मी यापुढे हो म्हणणार नाही. कारेलीबागकर, धरायचा दांडा हवा असेल तर पट्टी कापून, भोकं मारून देतो. पुलीच्या भोकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून पाठवा, पट्टीने मोजू नका.

गोत्रीरोड

मी आणि माझ्या भावाने हेच काम आमच्या इनोव्हावर केलंय, म्हणून जागेबद्दल लिहिते. वरून पाहिलं तर पंखा आणि त्याचं प्लास्टिकचं कवच काढल्यावर भरपूर जागा आहे असं वाटतं. हात जातो, पण लांब पाइप फिरत नाही. आम्ही रेडिएटर काढला. त्यात एक तास गेला असेल, पण पुढचं सगळं सरळ उभं राहून झालं. काढायचा नसेल तर निदान त्याच्या जाळीसमोर प्लायचा तुकडा उभा करा, पाना एकदा घसरला तरी जाळी फाटते.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. कूलंट थंड इंजिनातून झाकणाच्या डब्यात घ्या आणि पार्किंगमध्ये सांडलं तर लगेच धुऊन टाका. ते गोड लागतं, गल्लीतली कुत्री-मांजरी चाटतात आणि मरतात. आमच्याकडे सोसायटीत दोन पिल्लं होती, त्यामुळे मी डबा वर माळ्यावर नेऊन ठेवला होता.

बेल्ट काढण्याआधी तो कुठून कसा फिरतो याचा फोटो काढा. बेल्ट निघाल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. आमच्या टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या) बेअरिंगमध्ये खरखर होती, ती तेव्हाच कळली. आणि इंजिन पुढून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं, बोल्ट नेहमीच्या आट्यांचा, उलट्या दिशेला सुटतो. हे आधी पक्कं करा, कारण काही गाड्यांत आटे उलटे असतात आणि तिथे जोर लावत बसलं की बोल्ट आणखी आवळला जातो.

पुली ओढताना पुलरचे बोल्ट हबच्या भोकांत. बाहेरच्या कड्याला तीन नख्यांचा पुलर अडकवून ओढलं तर कडं हातात येतं आणि हब तिथेच राहतो. जुनी असली तरी तसं करू नका, हब काढायला मग दुसरं काही धरायला उरत नाही.

कारेलीबागकर

सगळ्यांचे आभार. रेघ मारून पाहिली. कडं जवळजवळ बोटभर सरकलं होतं. मकरपुऱ्याहून दांडा आणला, रेडिएटर काढला, आणि आज बोल्ट सुटला. पाइपवर मी आणि मेहुणे दोघे होतो. आवाज असा झाला की पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या.

पुली पुलरने अलगद आली. रबर मागच्या बाजूने अर्ध्या परिघात फाटलंय, आणि फाटीत काळं तेल साचलंय. म्हणजे जुनाफिटरकाकांचं सीलबद्दलचं म्हणणं खरं ठरलं. खाचांमध्ये गंजाचे डागही आहेत.

आता दोन प्रश्न. हबचा जो गोल भाग सीलच्या ओठात फिरतो, तिथे जुन्या पुलीवर एक बारीक चर पडलाय, नख अडकतं. नव्या पुलीला तो नसणार, मग काही करायला नको ना? आणि क्रँकच्या टोकाची चावी (हब नेमक्या जागी बसावा म्हणून खाचेत असलेला लोखंडी तुकडा) काढून बघायची का? वरून चांगली दिसते. पुलीबाबत पण सांगा, बाजारात कंपनीची आहे आणि तिच्या तिसऱ्या हिश्श्यात बिननावाची पण आहे.

जुनाफिटर

चर पुलीच्या हबवर पडलाय, क्रँकवर नाही, त्यामुळे नव्या पुलीबरोबर तो प्रश्न जातो. नवं सील बसवताना ओठाला थोडं ग्रीस लावा, जुनं जितकं आत होतं तितकंच नवं ठेवा, आणि सगळीकडून सारखं बसवा. तिरकं बसलं तर पुन्हा पाझरेल आणि नव्या रबराची तीच गत होईल.

चावीकडे नीट बघा. बोटाने हलवून पाहा, हलायला नको. दोन्ही बाजूंच्या कडा सरळ हव्यात, दबलेल्या नकोत. क्रँकमधल्या खाचेची कडही बघा. आणि हे समजून घ्या की जोर चावी वाहत नाही. बोल्टच्या आवळण्याने हब क्रँकशी दाबला जातो आणि त्या घर्षणावर सगळं चालतं. चावी फक्त जागा दाखवते. बोल्ट सैल राहिला की प्रत्येक धक्का चावीवर येतो, चावी दबते, मग खाच रुंद होते, आणि मग क्रँकच बाद. म्हणून ३६५ हा आकडा मी एवढा लावून धरतोय. काही इंजिनांत, जुन्या फिएस्टाच्या १.६ पेट्रोलसारख्या, चावी नसतेच. तिथे बोल्ट सोडवला की टायमिंगच सुटतं. तुमच्या गाडीला ती भीती नाही.

पुली कंपनीचीच घ्या. बिननावाच्या पुलीत कड्याचं वजन आणि रबराचा कडकपणा कोणी तपासलाय हे सांगायला कोणी नाही, आणि तेच दोन आकडे म्हणजे ही पुली. बोल्ट नवा घ्या.

बसवताना हातोडी नको. हब हाताने चावीवर बसतो तितका बसवा, मग बोल्टनेच आत ओढा. ठोकलंत तर धक्का क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. सोपं व्हावं म्हणून पुलीला गॅसची ज्योत दाखवतात, रबर तिथेच भाजतं. आट्यांना तेल लावायचं की कोरडे ठेवायचे हे मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसंच करा, कारण तेल असलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

टॉर्क रेंच मात्र तुमच्या सेटमधला पुरणार नाही. अर्ध्या इंची ड्राइव्हचे नेहमीचे रेंच २०० च्या आसपास संपतात. पाऊण इंची ड्राइव्हचा मोठा रेंच भाड्याने किंवा ओळखीने मिळवा. मकरपुऱ्यात ज्याच्याकडे मोठ्या मशीनचं काम आहे त्याच्याकडे असतोच. कसताना दांडा उलट बाजूला टेकवा, एका संथ ओढीने कसा, झटके देऊ नका.

लेथवाला मकरपुरा

रेंच माझ्या शेजारच्या शेडमध्ये आहे, ५०० पर्यंतचा. शनिवारी संध्याकाळी घेऊन जा, सोमवारी सकाळी आठच्या आत परत हवा, त्यांचं काम असतं.

कारेलीबागकर

झालं. पुली कंपनीची, सील आणि बोल्ट नवे, टेन्शनरच्या बेअरिंगमध्ये थोडी खरखर होती म्हणून तोही बदलला. गोत्रीरोडताई, तुमच्यामुळे ते तपासलं. ३६५ ला रेंचने टक् केलं तेव्हा दांड्याची पट्टी जरासुद्धा वाकली नाही.

कूलंट भरलं, हवा काढली, सुरू केली. एसी पूर्ण लावून दहा मिनिटं आयडलवर ठेवली, आवाज नाही. बेल्ट खाचांच्या मधोमध चालतोय, पुली सरळ फिरते आहे. आज हालोलपर्यंत जाऊन आलो. स्टीअरिंगमध्ये आयडलला जी बारीक थरथर यायची आणि जी मी इंजिनाच्या वयावर ढकलली होती, ती पण गेली.

नव्या पुलीवरही पांढरी रेघ मारून ठेवली आहे, प्रत्येक ऑइल चेंजला बघेन. जुनी पुली फेकलेली नाही. मकरपुरावाले, तुम्हाला हवी असेल तर रेंचबरोबर आणतो, रबर कसं फाटतं ते तुमच्या पोरांना दाखवता येईल.

लेथवाला मकरपुरा

आणा. आडवी कापून ठेवतो.